टोळ नसलेल्या वर्षांचा खर्च

मे २०१८ मध्ये मेकुनू हे चक्रीवादळ ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा पाऊस आत रुब अल खालीपर्यंत गेला. सौदी अरेबिया, ओमान आणि येमेन यांच्या सीमा जिथे वाळूत हरवतात, ते हे वाळवंट जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांत मोडतं. त्या वर्षी तिथल्या वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगट जागांत तळी साचली. ऑक्टोबरमध्ये लुबान वादळ आलं आणि ओल टिकून राहिली. वाळवंटी टोळाला अंडी घालायला ओलसर वाळू लागते, पिल्लांना खायला कोवळं हिरवं लागतं. दोन्ही मुबलक मिळालं आणि पुढच्या नऊ महिन्यांत तिथे टोळांच्या तीन पिढ्या वाढल्या. परिस्थिती अनुकूल असेल तर साधारण तीन महिन्यांच्या एका पिढीत टोळांची संख्या वीसपट होते. तीन पिढ्यांत ती आठ हजारपट होते. ही वाढ होत असताना तिथे पाहणी करणारं कुणी नव्हतं.

२०१९ च्या सुरुवातीला थवे बाहेर पडले. काही सौदी अरेबियामार्गे इराणमध्ये गेले आणि उन्हाळ्यात पाकिस्तान आणि राजस्थानच्या वाळवंटात उतरले. काहींनी येमेनमधून समुद्र ओलांडून इथिओपिया आणि सोमालिया गाठला. डिसेंबरमध्ये सोमालियावर पवन वादळाचा पाऊस पडला, तेव्हा त्यांच्या विणीची पुन्हा सोय झाली. २०२० उजाडताना केनियात जेवढे थवे शिरले तेवढे सत्तर वर्षांत शिरले नव्हते. पाकिस्तान आणि सोमालियाने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. मग विमानं आली, ड्रोन आले, देणगीदार देशांच्या बैठका झाल्या, आणि आकाश झाकून टाकणाऱ्या थव्यांची छायाचित्रं जगभर पोहोचली.

लोकांच्या लक्षात २०२० राहिलं. धोरण ठरवणाऱ्यांनी मात्र २०१८ लक्षात ठेवायला हवं, असं मला वाटतं. टोळांशी लढाई जिंकायची असेल तर ती टोळ दिसत नाहीत अशा वर्षांत, आणि कुणाचंच शेत नाही अशा जमिनीवर जिंकावी लागते. त्यासाठीचा पैसा आणीबाणीच्या खात्यातून येऊन उपयोग नाही. तो दर वर्षी ठरलेला, कुणाला सहज कापता येणार नाही असा असला पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलट चालतं. थवे आले की तिजोरी उघडते, थवे गेले की पाहणी पथकातली पदं रिकामी राहू लागतात, गाड्यांच्या दुरुस्तीला पैसे मिळत नाहीत आणि अनुभवी माणसं निवृत्त होताना त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणी नसतं.

हा आग्रह किड्याच्या स्वभावातूनच येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत असा समज होता की थव्याने उडणारा टोळ आणि एकटा राहणारा साधा नाकतोडा या दोन वेगळ्या जाती आहेत. १९२१ मध्ये बोरिस उवारोव या शास्त्रज्ञाने मांडलं की ती एकाच जातीची दोन रूपं आहेत. एरवी वाळवंटी टोळ एकटा असतो, दुसऱ्या टोळाला टाळतो, रात्री उडतो आणि कुणाचं काही बिघडवत नाही. पाऊस चांगला झाला की संख्या वाढते. मग पाऊस थांबतो, हिरवळ आकसत जाते, उरलेल्या थोड्याशा हिरव्या तुकड्यांवर सगळ्यांची गर्दी होते आणि अंगाला अंग लागू लागतं. मागच्या पायांना होणाऱ्या या सततच्या स्पर्शामुळे टोळाच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन हे रसायन वाढतं आणि अवघ्या काही तासांत त्याचं वागणं पालटतं, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. दुसऱ्याला टाळणारा किडा दुसऱ्याकडे ओढला जाऊ लागतो. पुढच्या पिढ्यांत रंग आणि शरीरही बदलतं. मग पिल्लं जमिनीवरून जथ्याने चालू लागतात, आणि पंख फुटले की थवा उठतो.

हे माहीत असल्यामुळे कुठे आणि केव्हा पाहायचं हेही आपल्याला माहीत आहे. पावसानंतर ओल्या झालेल्या वाळूत दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल अंडी घातली जातात. उष्णता पुरेशी असेल तर सुमारे दोन आठवड्यांत ती उबतात. त्यानंतर पाच-सहा आठवडे पिल्लांना पंख नसतात. ती चालतात, उड्या मारतात, पण फार दूर जाऊ शकत नाहीत. एवढीच काय ती संधी. या काळात जथा सापडला तर एक गाडी, फवारणीचं एक यंत्र आणि तीन-चार माणसं पुरतात. ही संधी निसटली की तोच जथा दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर उडणारा थवा होतो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. प्रौढ टोळाचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास आणि तो दिवसाला जवळपास तेवढंच खातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा हिशेब असा की एवढा छोटा थवाही एका दिवसात ३५ हजार माणसांना पुरेल इतकं खातो. आणि थवे शेकडो चौरस किलोमीटरचेही असू शकतात.

कोरडवाहू शेतकऱ्यासाठी या गणितात एक क्रूर गाठ आहे. ज्या पावसाची तो वर्षभर वाट पाहतो, त्याच पावसाने टोळही वाढतात. दुष्काळाच्या पाठोपाठ आलेलं चांगलं वर्ष, ज्यात कर्ज फिटेल आणि गुरं धष्टपुष्ट होतील अशी आशा असते, तेच टोळांचं वर्ष ठरू शकतं. बागायती शेतकऱ्याकडे पुन्हा पेरायला पाणी असतं. कोरडवाहू शेतात जमिनीतली ओल एकदाच मिळते. कोवळ्या रोपांवर थवा बसला तर एखाद वेळी दुबार पेरणी जमते. कणसात दाणा भरत असताना बसला तर ते वर्ष गेलं. आणि पिकाबरोबर कुरणही जातं, म्हणजे धान्य गेलं तर जनावर विकून दिवस काढू हा शेवटचा आधारही डळमळतो, कारण चाऱ्याअभावी सगळेच एकदम जनावरं विकायला काढतात.

१९९० च्या दशकात काही अर्थतज्ज्ञांनी वेगळा मुद्दा मांडला होता. देशाच्या एकूण शेती उत्पन्नाच्या तुलनेत टोळांनी केलेलं नुकसान सरासरीने किरकोळ असतं, नियंत्रणाचा खर्च कधीकधी त्याहून जास्त होतो, तेव्हा फवारणीपेक्षा बाधितांना भरपाई किंवा विमा देणं स्वस्त पडेल, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आंधळेपणाने लाखो हेक्टर फवारून पैसा उधळला गेला आहे हे खरंच. पण सरासरीत जे दिसत नाही ते गावात दिसतं. टोळ देशाच्या उत्पन्नातून टक्काभर कापून नेत नाहीत. ते एका खोऱ्यातलं सगळं नेतात आणि शेजारच्या खोऱ्याला हातही लावत नाहीत. मालीमध्ये १९८७ ते ८९ दरम्यान आलेल्या टोळधाडीचा अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यास केला, तेव्हा बाधित ग्रामीण भागातल्या त्या काळातल्या मुलांच्या शालेय शिक्षणावर झालेला परिणाम बऱ्याच वर्षांनंतरच्या जनगणनेतही दिसून आला. ही हानी हंगामाच्या हिशेबात येतच नाही. भरपाई दुसऱ्या वर्षी मिळाली तरी शाळेतून काढलेलं मूल सहसा परत जात नाही. विम्याची गोष्ट तर आणखी अवघड. ज्या प्रदेशात जमिनीची नोंद नाही, कुरण सामाईक आहे आणि बँक दिवसभराच्या अंतरावर आहे, तिथे विमा कागदावरच राहतो.

शिवाय या अर्थतज्ज्ञांचा आक्षेप उशिरा केलेल्या नियंत्रणाला लागू पडतो. वेळेवर केलेल्या नियंत्रणाचा हिशेब वेगळा निघतो. पश्चिम आफ्रिकेचं उदाहरण घ्या. २००३ च्या उन्हाळ्यात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात चांगला पाऊस झाला, आणि ऑक्टोबरमध्ये सेनेगलपासून मोरोक्कोपर्यंत असामान्य अतिवृष्टी झाली. फेब्रुवारी २००४ मध्ये अन्न व कृषी संघटनेने ९० लाख डॉलरची मदत मागितली. पैसे येईपर्यंत महिने गेले. त्याच वर्षी ही मागणी १० कोटी डॉलरवर पोहोचली. २००५ मध्ये धाड आटोक्यात आली तोवर १ कोटी ३० लाख हेक्टरवर फवारणी झाली होती आणि ५० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. संघटनेनेच नंतर मांडलेल्या हिशेबानुसार एवढ्या पैशांत त्या प्रदेशातलं प्रतिबंधात्मक काम १७० वर्षं चाललं असतं. देणगीदार देश कंजूष होते असं मी म्हणणार नाही, शेवटी मोठा पैसा त्यांनी दिलाच. पण आधी दिसलेल्या धोक्यापेक्षा नंतर दिसलेल्या विध्वंसाला त्यांनी पैसा दिला. लोकशाही सरकारंही घरच्या अंदाजपत्रकात हेच करतात, कारण टळलेल्या संकटाचं छायाचित्र निघत नाही.

मग तंत्रज्ञान हे काम करणार नाही का? या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण पाहणी पथकं कमी करण्यासाठी हाच युक्तिवाद वापरला जातो. उपग्रहामुळे कुठे पाऊस पडला, कुठे जमिनीत ओल आहे, कुठे हिरवळ आली हे दिसतं. वाऱ्याच्या अंदाजावरून थवा कुठे जाईल हे बऱ्यापैकी सांगता येतं. रोममधलं वाळवंटी टोळांचं माहिती केंद्र या सगळ्याचा वापर करून दर महिन्याला अंदाज प्रसिद्ध करतं आणि ते काम उत्तम दर्जाचं आहे. पण उपग्रहाला टोळ दिसत नाही. वाळवंटातली विरळ हिरवळही त्याला अनेकदा दिसत नाही, आणि दिसलेल्या प्रत्येक हिरव्या ठिपक्यावर टोळ असतात असंही नाही. टोळ शांत असतो तेव्हा त्याचं क्षेत्र पश्चिम आफ्रिकेपासून भारतापर्यंत सुमारे १ कोटी ६० लाख चौरस किलोमीटर पसरलेलं असतं. उपग्रह फार तर यातलं कुठे जायचं ते सांगतो. जावं माणसालाच लागतं. तिथे उतरून झुडपांतून चालायचं, किती टोळ उडाले ते मोजायचं, रंग पाहायचा, वाळू उकरून ओल किती खोल आहे ते बघायचं, आणि वाटेत भेटलेल्या उंटपाळाला विचारायचं. त्याने काल काय पाहिलं हे बहुतेक वेळा सर्वांत मोलाचं ठरतं.

गेल्या काही वर्षांत पथकांना अशी उपकरणं मिळाली आहेत की शेतातली नोंद तिथूनच उपग्रहामार्फत मुख्यालयात जाते. २०२० मध्ये तीच सोय साध्या फोनवर आली, त्यामुळे पथकात नसलेल्या माणसालाही टोळ दिसल्याचं स्थळासह कळवता येऊ लागलं. ही खरी प्रगती आहे. पण शेतकरी आणि गुराखी कळवत राहतील ते कळवल्यानंतर काहीतरी घडत असेल तर. तीन वेळा कळवूनही गाडी आली नाही, तर चौथ्यांदा कुणी कळवत नाही.

कधीकधी लोक जाणूनबुजून गप्प राहतात, आणि त्यांना दोष देण्याआधी त्यांची बाजू ऐकली पाहिजे. फवारलेल्या कुरणात काही दिवस जनावर चारता येत नाही. गुराख्याला टोळापेक्षा फवारणीचं नुकसान आज, याच आठवड्यात सोसावं लागतं. येमेनमध्ये मधमाश्या पाळणाऱ्यांनी फवारणीला विरोध केला, कारण मध हाच त्यांचा संसार आहे. कित्येक ठिकाणी लोक टोळ गोळा करून खातात. त्यांनाही कुठे औषध मारलं हे कळायला हवं. म्हणून फवारणीच्या खर्चातच चाऱ्याची भरपाई, मधमाश्यांची पोळी हलवण्याची मदत आणि आगाऊ सूचना धरली पाहिजे. या गोष्टी परोपकार म्हणून करायच्या नाहीत. त्यांच्याशिवाय माहिती आटते, आणि माहिती आटली की पुढचं सगळंच आंधळं होतं.

विषाचा प्रश्न इथेच येतो. पर्यावरणाची काळजी करणारे लोक टोळनियंत्रणाकडे संशयाने पाहतात आणि त्याला इतिहास आहे. काही दशकांपूर्वी डिल्ड्रिनचे पट्टे वाळवंटात मारले जात. ते विष आठवड्यानुआठवडे टिकायचं आणि त्यावरून चालत जाणारे पिल्लांचे जथे मरायचे. परिणामकारक होतं यात शंका नाही, पण ते माती, प्राणी आणि माणसांच्या शरीरात साचत गेलं आणि १९८० च्या दशकाअखेर वापरातून गेलं. त्यानंतर मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस, फेनिट्रोथिऑन यांसारखी औषधं आली. ती लवकर विरतात, पण फवारणाऱ्या माणसाला आणि मधमाशीला तीही घातकच.

याला पर्याय आहे. मेटारायझियम ही बुरशी टोळांना आणि त्यांच्या जवळच्या नाकतोड्यांना मारते. मधमाश्या, पक्षी, जनावरं यांना तिचा त्रास होत नाही. सोमालियाने २०२० च्या मोहिमेत रासायनिक विषांऐवजी या बुरशीवर आणि किड्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांवर भर दिला, कारण तिथली बहुतेक जमीन चराईची आहे. ऑस्ट्रेलियातही अशी बुरशी संवेदनशील भागांत वापरली जाते. अडचण एकच: बुरशीने टोळ मरायला एक ते दोन आठवडे लागतात. वाढ रोखणारी औषधं पिल्लांवरच चालतात. पंख फुटलेला थवा उद्या सकाळी कुणाच्या शेतावर बसणार असेल तर दोन आठवडे थांबायला सांगणारा अधिकारी कुठेच सापडणार नाही, आणि सापडू नये. म्हणजे सौम्य उपाय वापरायचं स्वातंत्र्य फक्त त्यालाच असतं ज्याला टोळ लवकर सापडले. ज्याने पाहणीवर खर्च वाचवला त्याच्यापुढे शेवटी तीव्र विष, तेही प्रचंड क्षेत्रावर, एवढाच मार्ग उरतो. पर्यावरणवाद्यांनी आपली ताकद फवारणी थांबवण्यात घालवण्याऐवजी पाहणीसाठी कायमचा पैसा मागण्यात लावावी असं मला मनापासून वाटतं. त्यांना हवं आहे ते त्यातूनच मिळेल. फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्ताची नियमित तपासणी आणि हातमोजे, मुखपट्टी ही मागणीही त्यातच हवी. घाईच्या मोहिमेत सगळ्यांत आधी याच गोष्टी विसरल्या जातात.

कायमस्वरूपी व्यवस्था ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात १९७४ पासून टोळांसाठी वेगळा आयोग आहे. त्याच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं आणि निम्मा चार राज्यं. ज्या राज्यात यंदा टोळ नाहीत तेही पैसे देतं, कारण शेजारच्या राज्यात वाढलेले टोळ सीमा पाहून थांबत नाहीत हे त्यांनी मान्य केलं आहे. भारताची टोळ इशारा संघटना १९३९ ची. राजस्थान आणि गुजरातमधल्या सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर वाळवंटावर ती लक्ष ठेवते. अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत यांचा संयुक्त आयोग १९६४ पासून आहे. भारत आणि पाकिस्तानचे टोळ अधिकारी १९७७ पासून पावसाळ्याच्या महिन्यांत मुनाबाव आणि खोखरापार इथे सीमेवर भेटून माहितीची देवाणघेवाण करत आले. दोन्ही देशांत इतर कशावरच बोलणं होत नसे अशा वर्षांतही या बैठका झाल्या. ज्यांना आंतरराष्ट्रीय सहकार्य भाबडं वाटतं त्यांनी या बैठकांचा विचार करावा.

मात्र या व्यवस्थांचं मोजमाप बदललं पाहिजे. आज मोहिमेचं यश किती हेक्टर फवारलं यावरून सांगितलं जातं. मंत्री हाच आकडा देतात, अहवाल हाच देतात, पुढच्या वर्षीचा निधीही त्यावरच मिळतो. हा आकडा जितका मोठा तितकी आधीची पाहणी कमी पडली, असाच त्याचा अर्थ आहे. त्याऐवजी दर महिन्याला जाहीर व्हायला हवं ते असं: पाऊस पडलेल्या विणीच्या क्षेत्रापैकी किती ठिकाणी पथक प्रत्यक्ष पोहोचलं, पाऊस आणि पहिली भेट यांत किती दिवस गेले, सापडलेल्या जथ्यांपैकी किती पंख फुटण्याआधी संपवले, आणि किती पदं रिकामी आहेत. हे आकडे उघड असतील तर शांत वर्षातही शेतकरी संघटना आणि पत्रकार प्रश्न विचारू शकतील. एखाद्या वर्षी टोळ सापडलेच नाहीत, तर पथकाचा पैसा वाया गेला असं म्हणण्याऐवजी ते किती किलोमीटर फिरलं हे पाहता येईल. समुद्राचं वाढतं तापमान पाहता हे लांबणीवर टाकून चालणार नाही. २०१९ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग असामान्य उबदार होता आणि त्या एका वर्षात उत्तर हिंदी महासागरात आठ चक्रीवादळं झाली. वाळवंटात पाऊस नेणारी वादळं वाढली तर मेकुनूसारखा प्रसंग पुन्हा येईल.

उरतो तो सगळ्यांत कठीण भाग, युद्धाचा. येमेनमध्ये आणि सोमालियाच्या काही भागांत पथकं पोहोचू शकत नव्हती, आणि एवढ्या मोठ्या साखळीत एक जागा सुटली तरी बाकी सगळ्या देशांची मेहनत फुकट जाते. इथे पैसा पुरत नाही, वाट मिळावी लागते. तशी वाट मिळाल्याचं उदाहरण आहे. १९८५ मध्ये एल साल्वादोरमध्ये यादवी युद्ध चालू असताना युनिसेफच्या प्रयत्नांनी मुलांच्या लसीकरणासाठी ठरलेल्या दिवशी दोन्ही बाजूंनी लढाई थांबवली, आणि पुढे इतर देशांतही तसं झालं. टोळांच्या पाहणीसाठी हीच मागणी अन्न व कृषी संघटनेने आणि शेजारी देशांनी लढणाऱ्या पक्षांपुढे ठेवायला हवी. पावसानंतरचे सहा आठवडे नेमक्या नावानिशी ठरवलेल्या खोऱ्यांत पथकाला फिरू द्यावं. पथकात तिथलेच उंटपाळ आणि शेतकरी असावेत, बरोबर कुणी शस्त्रधारी नसावा, गाडीवर ठळक खूण असावी, आणि पथकाने केलेली नोंद दोन्ही बाजूंना एकाच वेळी मिळावी.